दोन तास थांबा

माझ्या वडिलांना ऐकू येत नाही. शेजारच्या रानात ट्रॅक्टर सुरू झाला की तो छातीत कळतो, असं ते सांगतात. पण माणसाचं बोलणं त्यांच्यापर्यंत पोचत नाही. त्यामुळे ते स्वतः फार मोठ्याने बोलतात. पहिल्यांदा भेटणाऱ्याला वाटतं, म्हातारा भांडतोय. आम्ही घरातले त्यांना आण्णा म्हणतो आणि जे सांगायचं ते मोबाईलवर टाइप करून त्यांच्यापुढे धरतो.

आमचं गाव सांगली जिल्ह्यात, वाळवा तालुक्यात. आण्णा फौजेतून आले आणि उसात रमले. मी बारावीला असताना त्यांना टीबी झाला. गोळ्या घेतल्या, बरं वाटलं, आणि वर्षभरात खोकला परत आला. मग पुन्हा जवळपास त्याच गोळ्या सुरू झाल्या आणि त्यांचा बेडका तपासायला पुण्याला पाठवला. तेव्हा आमच्या भागात ती तपासणी एकाच पद्धतीने व्हायची. बेडक्यातले जंतू प्रयोगशाळेत वाढवायचे, त्याला आठवडे लागायचे. वाढले की त्यांच्यावर एकेक औषध टाकून बघायचं, कोणत्या औषधाने मरतात आणि कोणत्याने नाही. रिपोर्ट येईपर्यंत आमची उसाची नवी लागण गुडघ्याला आली होती. तेवढे दिवस आण्णा रोज सकाळी मुकाट्याने ज्या गोळ्या गिळत होते, त्यांचा त्यांच्या जंतूंवर काडीचाही परिणाम होत नव्हता.

रिपोर्ट आल्यावर औषधं बदलली. त्यात कित्येक महिने रोज एक इंजेक्शन होतं. एके सकाळी ते आईला म्हणाले, "आज दूधवाला हाक न मारताच गेला व्हय?" दूधवाला नेहमीसारखाच ओरडून गेला होता. आई त्यांच्याकडे बघत राहिली, आणि मी आईकडे.

आण्णा जगले. कान गेले ते इंजेक्शनने गेले, आणि इंजेक्शन नसतं तर ते स्वतः गेले असते, म्हणून आमच्या घरात कुणी त्याबद्दल तक्रार केली नाही. मी मात्र लॅब टेक्निशियनचा कोर्स केला. पुढे लग्न झालं, नोकरी लोणंदच्या बाजूला सरकारी दवाखान्यात लागली. आई गेल्यावर आण्णा माझ्याकडे राहायला आले. दुपारी माझा डबा घेऊन चालत दवाखान्यात येणं हे त्यांनी स्वतःच ठरवून घेतलेलं काम. डबा एकच्या ठोक्याला येतो, फौजेची सवय.

आमच्या लॅबमध्ये आता मशीन आहे. आम्ही त्याला सीबीनॅट म्हणतो. बेडका औषधी पाण्यात मिसळायचा, हलवायचा, पंधरा मिनिटं ठेवायचा, मग एका लहानशा प्लास्टिकच्या डबीत ओतायचा. त्या डबीला कार्ट्रिज म्हणतात. ती मशीनच्या खणात बसवून दार लावलं की साधारण दोन तासांत स्क्रीनवर दोन गोष्टी कळतात. टीबीचे जंतू आहेत का, आणि असतील तर टीबीच्या मुख्य औषधाला ते दाद देतात का. एवढंच. पण एवढ्यासाठीच माझे वडील किती महिने थांबले होते, ते मी जवळून पाहिलं आहे.

आता जी गोष्ट सांगते आहे ती एका मेंढपाळ जोडप्याची आहे. त्यांना विचारूनच लिहिते आहे. "नाव तेवढं घालू नगा, बाकी लिवा," असं तिने सांगितलं.

दिवाळी होऊन गेली होती. माणच्या दुष्काळी भागातले मेंढपाळ त्या दिवसांत आमच्या बाजूने कोकणाकडे उतरायला निघतात. घोड्यावर बिऱ्हाड, मागे मेंढरं, ज्यांना ते बकरीच म्हणतात, बाजूला कुत्री. वाटेत शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवून घेतात, खत मिळतं म्हणून. अशाच एका मुक्कामावरून तो सकाळी दवाखान्यात आला होता. लॅबच्या खिडकीतून त्याने डबी आत सरकवली.

"ह्यो घ्या ताई. डाक्टरनी सांगितलंय."

मी डबी उजेडात धरली. आत नुसतं पाण्यासारखं काहीतरी होतं.

"ही थुंकी आहे, दादा. बेडका पाहिजे, छातीतला."

"त्योच हाय की."

"कुणाचा आहे? त्या कुठं आहेत?"

त्याने मागे बोट केलं. अंगणात करंजाच्या झाडाखाली एक बाई बसली होती. पंचविशीची असेल. पदर नाकावरून ओढून घेतलेला, मांडीवर दोन वर्षांची मुलगी. पदराबाहेर फक्त डोळे आणि गालफडाची हाडं दिसत होती.

मी नवी डबी घेऊन बाहेर गेले. ती मला बघून उठायला लागली आणि उठता उठताच तिला धाप लागली.

"खोकून द्यायचंय," मी म्हटलं.

"हितं? समद्यांम्होरं?"

तिची अडचण तेव्हा माझ्या ध्यानात आली. सकाळी तिने नवऱ्याच्या हातात लाजत लाजत थुंकी दिली होती, कारण चारचौघांत घसा खाकरायचा हेच तिला जमलं नव्हतं. मुलीला तिच्या वडिलांकडे दिलं आणि तिला दवाखान्याच्या मागे नेलं. तिथे पाण्याच्या टाकीजवळ ऊन असतं, वारं असतं आणि कुणी फिरकत नाही.

"मी पाठ करून उभी राहते. आधी तीन मोठे श्वास. माझ्याबरोबर घ्या. तिसरा आत धरून ठेवा आणि मग पोटापासून खोका."

मास्क लावून, टाकीकडे पाठ करून मी मोठमोठ्याने श्वास घेत होते आणि माझ्या मागे ती घेत होती. दोनदा काही आलं नाही. तिसऱ्या खेपेला ती इतकी खोकली की मी न राहवून वळले. ती टाकीला टेकून उभी होती आणि डबीकडे बघत होती.

"लय घाण हाय वो, ताई."

"मला हेच पाहिजे होतं," मी म्हटलं. त्यावर ती हसली. पदर खाली आला होता, तो तिने पुन्हा वर घेतला.

परत येताना मी नेहमीचा प्रश्न विचारला. याआधी कधी टीबीच्या गोळ्या घेतल्या होत्या का? तिने आधी नवरा किती लांब आहे ते पाहिलं.

"घेतल्या व्हत्या. दोन सालामागं, गावाकडं. चार महिनं घेतल्या. बरं वाटलं. मंग बिऱ्हाड हाललं आन ऱ्हायलं."

"त्यांना ठाऊक आहे?"

"त्यास्नी वाटतंय, कोर्स पुरा झाला."

 उलटून आलेला टीबी म्हणजे काय, ते मला घरातूनच माहीत होतं.

खिडकीशी तिचा नवरा ताटकळत होता. "किती येळ लागंल?"

"दोन तास थांबा."

"ताई, आमी उद्या पाटं हालणार. भावाची आन माझी बकरी एकातच हायत. कोकणात उतरायचं हाय. तुमी फोनवर सांगा की."

"घाटात फोन लागतो का तुमचा?"

तो डोकं खाजवून हसला. मी हे आधी पाहिलेलं होतं. रिपोर्ट माझ्या हातात असायचा आणि माणूस पुढच्या जिल्ह्यात गेलेला असायचा. फोन बंद, पत्ता म्हणजे कुणाच्या तरी रानाचं नाव. म्हणून मी त्याला पुन्हा म्हटलं, "दोन तास. तोवर चहा घ्या." तो झाडाखाली जाऊन बसला.

नमुना चांगला होता. मी तो मिसळला, ठेवला, कार्ट्रिजमध्ये ओतला आणि मशीनचं दार लावलं. दीड तास सगळं नीट चाललं. मग वीज गेली, आली, पुन्हा गेली, आणि आमच्या यूपीएसने, ज्याच्या बॅटऱ्या बदला म्हणून मी तीनदा अर्ज केला होता, मान टाकली. मशीन बंद पडलं. पुन्हा सुरू झालं तेव्हा स्क्रीनवर रिपोर्टच्या जागी "एरर" एवढंच होतं.

मिसळलेला नमुना थोडा शिल्लक होता, ते एक बरं झालं. नवं कार्ट्रिज फोडलं, पुन्हा भरलं, पुन्हा लावलं आणि बाहेर सांगायला गेले. आणखी दोन तास, हे कोणत्या तोंडाने सांगायचं ते कळत नव्हतं.

तो ऐकून उभाच राहिला. "आता न्हाई जमायचं, ताई. बकरी सकाळपासनं भावाच्या गळ्यात हायत."

"तुम्ही जाऊन या. त्यांना इथं राहू द्या."

त्याने बायकोकडे पाहिलं. ती जमिनीकडे बघत होती. "बरं," तो म्हणाला, "सांजच्याला येतो." ज्या शेतकऱ्याच्या रानात त्यांचा मुक्काम होता त्याची मोटरसायकल त्याने आणली होती. ती घेऊन तो गेला.

तेवढ्यात आण्णा डबा घेऊन आले. अंगणातली छोटी त्यांना बघून थांबली. त्यांच्या मिशा भरघोस आहेत आणि लहान मुलांना त्यांचं भारी आकर्षण असतं. आण्णांनी खिशातला मास्क काढून लावला, कारण टीबीच्या दवाखान्यात कसं वागायचं ते त्यांना कुणी शिकवावं लागत नाही, आणि झाडापासून थोडं लांब, उन्हात कट्ट्यावर बसले. मिशा झाकल्या गेल्या म्हणून छोटी नाराज झाली. ती त्यांच्याशी बराच वेळ काहीतरी बोलत होती. आण्णांना एक अक्षर ऐकू येत नव्हतं, तरी ते दर वाक्याला "व्हय का? आन मंग?" असं मोठ्याने म्हणत होते. सगळ्या अंगणाला ऐकू जात होतं. तिची आई झाडाखालून बघत होती आणि पदराआड हसत होती.

दुपार कलायला लागली तेव्हा रिपोर्ट आला. मी स्क्रीनसमोरच बसले होते. टीबीचे जंतू आहेत. मुख्य औषधाला ते दाद देत नाहीत.

मी प्रिंट काढली. नोंद केली. वयाने माझ्याहून लहान असलेले आमचे डॉक्टर होते, त्यांना फोन केला. ते पलीकडच्या गावात शाळा तपासणीला गेले होते, संध्याकाळपर्यंत येतो म्हणाले. मग मी सामानाच्या खोलीत गेले, दार लोटलं आणि रडले. दुःखापेक्षा मला राग आला होता, आणि तो कुणाचा ते नीट सांगता येत नाही. मशीनचा असावा. त्या पांढऱ्या पेटीने अर्ध्या दिवसात, तेही वीज जाऊन, जे सांगितलं ते आमच्या घरी कळेपर्यंत ऊस वाढला होता. हे मशीन त्या वर्षी का नव्हतं? त्या बाईला लवकर कळलं याचा आनंद व्हायला हवा होता. माझ्या मनात आधी हेवा आला. ही गोष्ट मी इतके दिवस कुणाला सांगितलेली नाही.

आण्णा रिकामा डबा न्यायला आत आले आणि त्यांनी मला पाहिलं. त्यांना काय झालं ते विचारायची गरज नसते, ते नुसते समोर उभे राहतात. मी मोबाईलवर टाइप केलं, "तुमच्या वेळी हे असतं तर," आणि त्यांच्यापुढे धरलं.

त्यांनी चष्मा लावून वाचलं.

"असतं तर असतं," ते म्हणाले, आणि ते म्हणणं अर्ध्या दवाखान्याला ऐकू गेलं. "पर आता हाय न्हवं? मंग त्या पोरीचं बघ. रडतीस काय?"

दिवस मावळायच्या सुमाराला डॉक्टर आले आणि पाठोपाठ तिचा नवराही. डॉक्टरांनी दोघांना समोर बसवलं. मी दाराशी उभी होते.

डॉक्टर हळू, सोप्या शब्दांत बोलले. टीबी आहे, पण साध्या गोळ्यांनी जाणारा नाही. वेगळी औषधं आहेत, चांगली आहेत. सहा महिने. उद्या जिल्ह्याच्या केंद्रावर जायचं, तिथे हृदयाची, रक्ताची तपासणी होईल, आणखी एक नमुना घेतील आणि मग औषध सुरू होईल.

"साध्या गोळ्यानं का न्हाई जाणार?" नवऱ्याने विचारलं.

"बऱ्याचदा आधीचा कोर्स अर्धवट राहिला की असं होतं."

तो म्हणाला, "तिचा पुरा झाला व्हता," आणि बायकोकडे वळला. ती मुलीच्या केसांतून हात फिरवत राहिली. तो उठला आणि बाहेर गेला. मोटरसायकलचा आवाज आला आणि लांब गेला.

ती जागची हलली नाही. "आता मला म्हायारी धाडत्याल," ती म्हणाली. "पोरगी ठिवून घेत्याल."

मी तिच्याशेजारी बसले.  ते परत येतील असं मी म्हणणार होते, पण मला तरी कुठे माहीत होतं? डॉक्टर म्हणाले, रात्री इथे वॉर्डात सोय करू, सकाळी गाडी पाठवू. तिने मान डोलावली. छोटी तिच्या मांडीवर झोपली. बाहेर अंगणातला दिवा लागला.

साधारण तासाभराने मोटरसायकल परत आली. तो आत आला तेव्हा त्याच्या एका हातात गाठोडं होतं आणि खांद्यावर दोन घोंगड्या.

"बकरी उद्या भाऊ नेतोय," तो डॉक्टरांना म्हणाला. "म्या हितंच ऱ्हातो. रानाचा मालक हिरीवरचं शेड देतो म्हनलाय."

तिने वर पाहिलं. "आन तुमी हितं काय करणार?"

"करंन कायबी."

त्याने गाठोडं खाली ठेवलं, तिच्यासमोर उकिडवा बसला आणि आवाज उतरवून, आम्ही तिथे आहोत हे जणू विसरून, तिला म्हणाला, "मला का न्हाई सांगितलंस गं?"

"सांगितलं असतं तर तुमी थांबला असता. बकरी चाऱ्याबिगार मेली असती."

"मंग थांबलो असतो," तो म्हणाला.

डॉक्टर टेबलावरचे कागद सारखे करू लागले. मी बाहेर आले.

सकाळी जिल्ह्याला जायच्या गाडीत बसायच्या आधी ती अडून बसली. कुणीतरी तिला रात्री वॉर्डात सांगितलं होतं की या औषधात सुया असतात आणि सुयांनी माणूस बहिरा होतो. "मला सुया नगंत. बकऱ्याच्या मागं कान लागत्यात, ताई. रानात लांडगं असत्यात."

मी समजावत होते, पण तिला वाटत होतं की मी सरकारी माणूस, असंच बोलणार. शेवटी आण्णांना फोनवर मजकूर पाठवून बोलावून घेतलं. ते लगबगीने आले, गाडीपासून चार पावलांवर उभे राहिले आणि आपल्या त्या आवाजात बोलले.

"पोरी, माझ्या टायमाला सुई व्हती. रोज. म्हनून माझं कान गेलं. तुझ्या औषधात सुई न्हाई. न्हाईच. माझी लेक लॅबात हाय, ती मला खोटं सांगत न्हाई. नुसत्या गोळ्या. वकारी येतील, तोंडाची चव जाईल, तरी गिळायच्या. आयकलं का?"

"व्हय," ती म्हणाली.

"काय म्हनती?" आण्णांनी मला विचारलं. मी मान डोलावली. ती गाडीत बसली.

औषध सुरू झालं. मुलीची आणि नवऱ्याची तपासणी झाली. दोघांना काही निघालं नाही, पुढे पुन्हा पुन्हा बघत राहायचं ठरलं. काही दिवसांनी ते विहिरीवरच्या शेडमध्ये राहायला आले. तो कांद्याच्या बाजारात पोती उचलायला जाऊ लागला. आयुष्यभर मोकळ्या रानात हिंडलेला माणूस तो. पोत्याच्या थप्प्यांमध्ये त्याचा जीव गुदमरायचा. एकदा मला म्हणाला, "ताई, बकऱ्याचा वास कसा अंगाला लागत न्हाई. ह्या कांद्याचा जातच न्हाई." पण एकही दिवस चुकवला नाही, आणि सकाळी तिने गोळ्या गिळल्याशिवाय तो घराबाहेर पडला नाही. ती गिळून "आ" करून दाखवायची. छोटीही मग तोंड उघडून दाखवायची.

सगळं सुरळीत झालं असं नाही. पहिला महिना ती सारखी ओकायची. तिसऱ्या महिन्यात तिच्या तळपायांना मुंग्या यायला लागल्या, विस्तवावरून चालल्यासारखं होतंय म्हणाली. रक्तही कमी झालं होतं. जिल्ह्याच्या डॉक्टरांनी एका औषधाची मात्रा कमी केली. त्या दिवसांत तो एकदा लॅबच्या खिडकीशी आला आणि इकडेतिकडे बघत त्याने मला विचारलं, "ताई, पायाला त्याल लावलं तर औषधाला काय हुत न्हाई न्हवं?"

"काही होत नाही. लावा."

"न्हाई, रोज लावतोच. म्हनलं इचारून घ्यावं."

लोकांना एक गोष्ट सांगून पटत नाही. ज्या मशीनने तिचा आजार पकडला, त्याच मशीनवर ती बरी झाली का ते बघता येत नाही. जंतू मेले तरी त्यांचे अवशेष काही काळ छातीत राहतात आणि मशीनला मेलेले-जिवंत हा फरक कळत नाही. त्यासाठी तीच जुनी पद्धत लागते. बेडका पाठवायचा, जंतू वाढतात का ते बघायचं आणि वाट बघायची. वाढले नाहीत तर चांगलं. म्हणजे मला पुन्हा आठवडे मोजत बसणं आलं. आण्णा रोज डबा ठेवताना विचारायचे, "आला का रिपोर्ट त्या पोरीचा?" आणि मी नकारार्थी मान हलवायचे.

दर महिन्याला ती नमुना द्यायला यायची. आधी आधी टाकीजवळ जायला मला सोबत न्यायची, मग एकटी जायला लागली. चौथ्या महिन्यात ती बराच वेळ परत आलीच नाही. मी काळजीने मागे गेले. ती रिकामी डबी धरून उभी होती, खोकून खोकून चेहरा लाल झालेला.

"येतच न्हाई वो, ताई. कवाधरनं बघतीया. छातीत कायबी ऱ्हायलंच न्हाई."

आणि रडवेल्या तोंडाने माझ्याकडे बघत राहिली, जणू तिचं काही चुकलं होतं. मला हसू आवरेना. मी हसले तशी तीही हसायला लागली. आम्ही दोघी टाकीला टेकून हसत होतो. शेवटी तिने कशीबशी थोडी थुंकी दिली आणि मी कागदावर लिहिलं की जे मिळालं ते पाठवत आहे.

रिपोर्ट चांगले येत गेले. एकाही नमुन्यात जंतू वाढले नाहीत. मे महिन्याच्या कडक उन्हात तिचा कोर्स संपला. डॉक्टरांनी शेवटची तपासणी करून कागदावर सही केली आणि त्याने तो कागद दोनदा घडी घालून खिशात ठेवला. पण ते लगेच गेले नाहीत. कोकणातून मेंढरं वर यायची वेळ झाली होती.

ज्या दिवशी त्याचा भाऊ कळप घेऊन पोचणार होता, त्या दिवशी रविवार होता. मी आणि आण्णा त्यांना भेटायला शेडवर गेलो होतो. लांबून धूळ दिसली. मग घंटा ऐकू आल्या; मला, तिला, छोटीला, आण्णा सोडून सगळ्यांना. तो रस्त्याकडेला उभा होता. त्याने तोंडाने एक आवाज काढला, जिभेने टाळूवर वाजवल्यासारखा, आणि पुढची मेंढरं थबकली. एका म्हाताऱ्या मेंढीने मान वर केली आणि सरळ त्याच्याकडे चालत आली. तो खाली बसला आणि तिच्या मानेत तोंड खुपसून राहिला. त्याचे खांदे हलत होते. सहा महिन्यांत तो आम्हा कुणासमोर एकदाही रडला नव्हता.

ती जवळ गेली नाही. मला म्हणाली, "रडू द्या. ह्यास्नी लय जड गेलं."

आण्णा माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी माझ्या कानाशी येऊन, त्यांच्या मते कुजबुजत, विचारलं, "किती हायत?"

"लय!" तीच वळून ओरडली, आणि हात पसरून दाखवलं.

दुसऱ्या दिवशी बिऱ्हाड माणकडे गेलं. औषध संपल्यावरही अधूनमधून तपासणीला यायचं असतं. पुन्हा दिवाळी झाली, पुन्हा मेंढरं निघाली आणि वाटेत ते दवाखान्यात आले. ती अंगाने भरली होती, पदर खांद्यावर होता. पायांच्या मुंग्या बऱ्याच कमी झाल्या होत्या, पूर्ण गेल्या नव्हत्या. एक्स-रे झाला, वजन झालं, सगळं ठीक होतं. जायच्या आधी ती लॅबच्या दाराशी घुटमळली.

"ताई, ती मशीन बघू का? म्या कवा बघितलीच न्हाई."

आत कुणाला सोडत नाहीत. मी तिला दाराच्या काचेतून दाखवलं. टेबलावरची पांढरी पेटी, चार खणांची, दोन खणांवर हिरवे दिवे लुकलुकत होते. तिने काचेला कपाळ टेकवून पाहिलं. मग छोटीला उचलून तिलाही दाखवलं.

"एवडीच व्हय?" ती म्हणाली. "मला वाटलं, खोलीएवडी आसंल."

"एवढीच."

"आता आत कुणाचं हाय?"

"दोघांचं आहे. एक खंडाळ्याच्या आजोबांचं, एक कारखान्यावरच्या बाईचं."

मी परत आत गेले. बाहेर बाकड्यावर ती कारखान्यावरची बाई बसलेली होती, ऊसतोडीला आलेली, हातात चिठ्ठी घेऊन. ही तिच्याजवळ गेली, पण बाकड्यावर न बसता समोर उभी राहिली आणि काहीतरी बोलायला लागली. मला काचेतून ऐकू येत नव्हतं. त्या बाईने मान वर केली, मग हिच्या भरल्या दंडाकडे आणि छोटीकडे पाहिलं. रस्त्यावरून नवऱ्याने दोनदा हाक मारली, मेंढरं पुढे गेली होती. हिने त्याला हातानेच थांबायला सांगितलं आणि बोलत राहिली.